पारलिंगी व्यक्तींचे मानसिक आरोग्य : जामनेरकरांसाठी मुद्द्याचे

आजार नव्हे : पारलिंगी (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगाहून वेगळी लिंगओळख असलेली व्यक्ती) किंवा नॉन-बायनरी (केवळ स्त्री वा पुरुष या चौकटीत न बसणारी व्यक्ती) असणे हा मनोविकार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची १ जानेवारी २०२२पासून लागू झालेली आजारसूची त्याला मनोविकारांत मोजत नाही. नैराश्य, चिंता येतात त्या हेटाळणीतून, घर तुटण्यातून, काम नाकारले जाण्यातून.

भादलीचा निकाल : असे नाकारले गेल्यास दादही मागता येते. जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक ग्रामपंचायतीत महिला राखीव जागेसाठी अंजली पाटील या पारलिंगी स्त्रीने भरलेला अर्ज बाद झाला. जानेवारी २०२१मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला; त्या लढल्या आणि निवडूनही आल्या.

उपचाराचा हक्क : मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७नुसार लिंगभाव किंवा लैंगिक कल यावरून उपचारात भेदभाव करता येत नाही. लिंगओळख ‘बदलण्याचे’ उपचार करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरते.

घरच्यांनी काय करावे?
• त्या व्यक्तीने निवडलेल्या नावानेच हाक मारा.
• ‘लग्न लावून दिले की सुधारेल’ हा हट्ट सोडा. त्यात दोन आयुष्ये होरपळतात.
• तिच्या परवानगीशिवाय भाऊबंदांत, गावात वाच्यता करू नका.
• शस्त्रक्रियेची चौकशी नको. जेवण, झोप, अभ्यास, काम यांची विचारपूस करा.
• जगणे नकोसे झाल्याचे बोलली तर एकटे सोडू नका, लगेच मदत मिळवा.

मदत : टेली-मानस १४४१६ : मोफत, २४ तास, मराठीतूनही. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२.