खेळाडूचे मोल

कावेरीकाठी कुंभकोणमच्या आसपासच्या खेड्यांत जो खेळ ‘सडुगुडु’ या नावाने ओळखला जातो, तोच महाराष्ट्रात हुतुतू म्हणून वाढला. आज दोन्हीकडे त्याला कबड्डी म्हणतात. गावच्या खेळात दोन म्होरके आळीपाळीने एकेक गडी मागून घेत आणि संघ तयार होई. पैशाचा प्रश्न येत नसे. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि खेळाडूंचे लिलाव होऊ लागले. कोणाला किती रक्कम द्यावी, कोणाला राखावे आणि कोणाला सोडावे, याचा निर्णय आता संघाला दरवर्षी घ्यावा लागतो. तो कसा घ्यावा, हे आपण येथे पाहू.

संघमालक कितीही धनवान असला तरी त्याला हवा तेवढा खर्च करता येत नाही. २०२३ च्या दहाव्या हंगामासाठी प्रत्येक संघाला खेळाडूंवर पाच कोटी रुपयांपर्यंतच खर्च करण्याची मुभा होती आणि त्यातच किमान अठरा जणांचा संघ उभारायचा होता. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्येही वेतनाची अशी मर्यादा १९८४ पासून आहे. म्हणून एका खेळाडूला दिलेला प्रत्येक रुपया दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचा असतो. घरखर्च चालवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

खेळाडूचे मोल केवळ त्याने मिळवलेल्या गुणांवरून ठरवणे फसवे असते. कबड्डीत बाद झालेला गडी मैदानाबाहेर बसतो आणि आपल्या संघाने प्रतिस्पर्ध्याचा गडी टिपला तरच तो पुन्हा जिवंत होतो. एखादा चढाईपटू दहा गुण आणतो, पण वारंवार पकडला जाऊन निम्मा सामना बाहेर घालवतो. दुसरा सहाच गुण आणतो, पण मैदानावर टिकून राहतो. यांपैकी अधिक उपयोगी कोण, हे गुणफलक पाहून समजत नाही. पकडीचे तर आणखी निराळे आहे. कोपऱ्यातील खेळाडूने घोटा धरला तरी शेजारच्या मध्यरक्षकाने क्षणात साथ दिली नाही, तर चढाईपटू निसटतो. गुण एकाच्या नावावर लागतो; कमाई मात्र दोघांची असते. अशा जोडीतला एक सोडला की दुसऱ्याचेही मोल उतरते. संघ बांधताना या गोष्टीचा विचार फार कमी होतो, असे वाटते.

आता प्रत्यक्ष उदाहरणे घेऊ. २०२२ साली चेन्नईच्या तमिळ थलैवाज संघाने पवन सेहरावत या नामवंत चढाईपटूसाठी २ कोटी २६ लाख रुपये मोजले. तो त्या वेळचा उच्चांक होता. पहिल्याच सामन्यात पवनच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि त्याचा हंगाम तेथेच संपला. तरीही नरेंदर या नवोदित चढाईपटूने भार उचलला आणि संघ प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. तेथे पुणेरी पलटणने त्यांना हरवले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने पवनला २ कोटी ६० लाख ५० हजार रुपयांना घेतले, म्हणजे एका खेळाडूवर निम्म्याहून अधिक रक्कम खर्च झाली. पवन चांगला खेळला. संघाला मात्र बावीस सामन्यांत दोनच विजय मिळाले. त्यात पवनचा दोष नव्हता. उरलेल्या पैशांत त्याच्या जोडीला पुरेसे बळ उभे राहिले नाही.

यावरून महागडा खेळाडू घेऊच नये, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. त्याच लिलावात पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शाडलुई या इराणी बचावपटूसाठी २ कोटी ३५ लाख रुपये दिले. ही रक्कमही निम्म्याच्या जवळ जाते. फरक इतकाच, की नगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे त्यांनी नव्या तरुण खेळाडूंमधून उचलून दोन हंगाम घडवले होते. लिलावात अशा खेळाडूंसाठी मोठी रक्कम मोजावी लागली असती. घरी घडल्याने ते कमी खर्चात मिळाले आणि वाचलेला पैसा नेमक्या उणिवेवर लावता आला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले.

खेळाडू सोडणे याहूनही अवघड असते. अमेरिकेतील बास्केटबॉलमध्ये खेळाडूच्या बदल्यात दुसरा खेळाडू किंवा पुढील वर्षी नवोदितांमधून निवड करण्याचा हक्कही घेता येतो. तेथे संघ आजचा लाभ आणि उद्याची आशा यांची तुलना करतो. आपल्याकडे बहुधा खेळाडू लिलावासाठी मोकळा होतो आणि रिकामी झालेली रक्कम हाती येते. ती वाढत्या वयाच्या किंवा दुखापतग्रस्त खेळाडूमागे अडकू नये, हे खरे. पण सोडलेला खेळाडू उद्या समोरच्या बाजूने उतरणार असतो, हेही हिशेबात धरावे लागते. पलटणने २०२४ च्या लिलावापूर्वी शाडलुईला मोकळे केले आणि हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले. त्या हंगामात पलटण बाद फेरीपर्यंतही पोहोचली नाही. २९ डिसेंबर २०२४ रोजी अंतिम सामना पलटणच्याच शहरात, पुण्याच्या बालेवाडीत झाला. शाडलुईच्या हरियाणाने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे हरवून प्रथमच करंडक उंचावला.