अधांतरी मान टाकणारा कॅमेरा

सुटीच्या सकाळी मोकळ्या माळावर छंद म्हणून ड्रोन उडविणाऱ्या माणसाच्या वाट्याला एक प्रसंग केव्हा ना केव्हा येतो. यान व्यवस्थित वर चढलेले असते, हातातील पडद्यावर क्षितिजाची रेषा आखल्यासारखी सरळ दिसत असते, आणि एकाएकी ती रेषा कलंडते. क्षणभर आकाश, मग यानाचाच एक पाय, आणि शेवटी झुलणारी जमीन, एवढेच पडद्यावर उरते. यान मात्र पूर्वीच्याच डौलाने उडत असते. कॅमेऱ्याला तोलून धरणारे गिम्बल तेवढे निपचित झालेले असते. यान खाली उतरवून बॅटरी काढून पुन्हा लावली, की तेच गिम्बल शहाण्या मुलासारखे चालू लागते. टेबलावर ठेवून तासभर पाहिले तरी त्यात खोट सापडत नाही. पुन्हा उडवावे तो पुन्हा तोच प्रकार!

अशा वेळी बहुतेक हौशी मंडळी नवे गिम्बल मागवितात. हा निर्णय खर्चाचा तर असतोच, परंतु पुष्कळदा तो चुकीचाही ठरतो. कारण जेथे दुखणे दिसते तेथेच ते उद्भवलेले असते असे नाही. ते समजण्यासाठी गिम्बल कशाच्या बळावर उभे असते हे आधी पाहिले पाहिजे.

मूळ कल्पना फार जुनी आहे. एकात एक बसविलेली कडी, आणि प्रत्येक कडे दुसऱ्याशी काटकोनात असलेल्या आसावर फिरणारे, अशा रचनेत जहाजावरील होकायंत्र व कालमापक टांगलेले असत. सोळाव्या शतकातील इटालियन पंडित कार्दानो याचे नाव या रचनेस चिकटले, जरी ती आपणच शोधली असे त्याने म्हटले नव्हते. जहाज कितीही डोलले तरी खालच्या बाजूला वजन असलेले होकायंत्र गुरुत्वाकर्षणाने सपाट राही. ड्रोनवर मात्र ही युक्ती चालत नाही. यान एकदम पुढे झेपावले की टांगलेला कॅमेरा लंबकासारखा झुलू लागेल. म्हणून ड्रोनवरील गिम्बलमध्ये कॅमेऱ्याला जड बाजूच ठेवीत नाहीत. तो प्रत्येक आसावर समतोल बसवितात आणि प्रत्येक आसाला एक लहान मोटर जोडतात. कॅमेऱ्याच्या पाठीशी असलेला संवेदक कोन किती बदलला हे सतत कळवितो, आणि नियंत्रक नावाचा चिमुकला संगणक सेकंदाला शेकडो वेळा मोटरींना दुरुस्तीचा हुकूम सोडतो. या मोटरींना दातेरी चाके नसतात. त्यामुळे हालचाल मऊ होते खरी, पण प्रवाह थांबताच कॅमेऱ्याला अडवून धरणारे काहीच उरत नाही. तो मान टाकतो.

तेव्हा प्रवाह का थांबला, हाच खरा प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना ‘काय झाले’ यापेक्षा ‘केव्हा झाले’ हे टिपून ठेवणे अधिक उपयोगी पडते. सरकारी चौकशीत तारीख आणि वेळ यांना जे महत्त्व असते, तेच येथेही आहे.

टेबलावर, चारही पंखे काढून ठेवलेले असताना, दहा-पंधरा मिनिटांनी गिम्बल बंद पडत असेल तर संशय उष्णतेवर घ्यावा. मोटरींना प्रवाह पुरविणाऱ्या चिपमध्ये बहुधा अशी सोय असते की, ती मर्यादेबाहेर तापली म्हणजे आपण होऊन थांबते आणि निवल्यावर पुन्हा चालू होते. आकाशात वारा लागतो, टेबलावर तो लागत नाही. म्हणून हा दोष खालीच लवकर उघडा पडतो. त्याचे मूळ बहुतेक वेळा बिघडलेल्या समतोलात असते. वीज बंद ठेवून कॅमेरा बोटाने कोणत्याही कोनात वळवावा आणि सोडून द्यावा. तो तेथेच थांबला पाहिजे. एका बाजूला झुकत असेल तर मोटरला त्याचे ओझे अहोरात्र पेलावे लागते. ही परीक्षा कॅमेऱ्यात त्याची स्वतःची बॅटरी व स्मृतिपत्र घालूनच करावी. भिंगावर एखादी रंगीत काच चढविली, तरी तोल ढळण्यास तेवढे पुरते.

ठराविक कोनातच बंद पडत असेल तर गोष्ट निराळी. संवेदकापासून नियंत्रकाकडे जाणारी बारीक तार किंवा फीत गिम्बलच्या सांध्यांतून वळणे घेत जाते. वरचे आवरण शाबूत असताना आतले तांबे तुटलेले असू शकते. पंख्यांविना यान हातात धरून सावकाश सर्व बाजूंना कलते करावे. दर वेळी त्याच जागी गिम्बल दगा देत असेल तर तार बदलावी. ही तार मोटरींच्या तारांशी एकत्र बांधलेली असेल तर आणखी एक उपद्रव संभवतो. मोटरींच्या प्रवाहातील खळबळ संवेदकाच्या निरोपात मिसळते, नियंत्रकाला तो निरोप उमगेनासा होतो आणि तो मोटरी थांबवितो. तारा वेगळ्या बांधल्या व लांबी कमी केली की हे बहुधा मिटते.

परंतु टेबलावर निर्दोष आणि आकाशात, तेही वर चढताना किंवा वाऱ्याविरुद्ध जाताना बंद, अशी तक्रार असेल तर वरील सर्व खटाटोप व्यर्थ होय. तेथे बॅटरीकडे वळले पाहिजे.

छंदाच्या पुष्कळ यानांत लिथियम-पॉलिमर जातीचे तीन घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक घट पूर्ण भरला म्हणजे ४.२ व्होल्ट, तिन्ही मिळून १२.६. उड्डाणाच्या मध्यावर हा आकडा विश्रांतीत ११.४ च्या आसपास येतो. बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत विरोध वाढतो. समजा, घट, तारा आणि जोड यांचा मिळून विरोध ०.०६ ओहम आहे. यान जोराने चढविताना ३० अँपिअर प्रवाह ओढला गेला, तर १.८ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि गिम्बलच्या दारी ९.६ व्होल्टच पोचतात. घट मर्यादेपलीकडे रिकामे होऊ नयेत म्हणून अनेक नियंत्रकांत दाब अमुकाखाली गेला की मोटरी थांबवाव्यात अशी सोय असते. ती मर्यादा १०.५ व्होल्टवर ठेवलेली असेल, तर गिम्बल आपले कर्तव्यच बजावीत असते! चढण संपली की दाब पूर्ववत होतो, आणि खाली उतरविल्यावर मल्टिमीटर लावून पाहणाऱ्याला सर्व काही आलबेल दिसते. टेबलावर दोष का सापडत नाही याचाही उलगडा येथेच होतो: पंख्यांविना मोटरी फार थोडा प्रवाह ओढतात.

याची एक निर्णायक परीक्षा आहे. गिम्बलला तेवढ्याच दाबाची एक लहान, स्वतंत्र बॅटरी द्यावी. उड्डाण-नियंत्रकाकडून संदेशाची तार येत असल्यास दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोके जोडलेली ठेवावीत. धन टोके मात्र जोडू नयेत. मग यान पूर्वीसारखेच जोराने चढवावे. गिम्बल शेवटपर्यंत टिकले तर ते निर्दोष सुटले.

येथे एक मोह आवरावा लागतो. वेगळी बॅटरी दिल्यावर चित्र स्थिर होते, तेव्हा तीच कायमची ठेवावी असे कोणालाही वाटेल. पण मुख्य बॅटरी तशीच दुबळी राहिलेली असते. आज ज्या घसरणीने कॅमेरा थांबला, तीच उद्या आणखी खोल गेली तर उड्डाण-नियंत्रक बंद पडेल, आणि मग कॅमेऱ्यासह सबंध यान खाली येईल. गिम्बल आधी पडत होते तोवर इशारा तरी मिळत होता. खाली लग्नाची वरात किंवा खेळणारी मुले असतील तर तो इशारा फार मोलाचा. पडदा कलंडल्याबरोबर मान खाली घालून कळा दाबीत बसण्यापेक्षा नजर यानावर ठेवून ते हळूहळू उतरविणे हेच प्रथम कर्तव्य.

सबब, दोष बॅटरीकडे आहे असे ठरल्यावर जोडणीचे डाख आणि खुंट्या तपासाव्यात. काळवंडलेली खुंटी दिसल्यास बदलावी. त्यानंतर नवी बॅटरी लावून गिम्बल पुन्हा मूळ जोडणीवर आणावे. भारतात २०२१ साली आलेल्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवा, पिवळा व तांबडा असे भाग पाडले. नकाशावर आपला माळ हिरव्या भागात आहे ना, हे पाहून पहिली चाचणी निर्मनुष्य जागी, हाताच्या उंचीवर घ्यावी. अनेक उड्डाण-नियंत्रक दाबाची नोंद ठेवतात. जुन्या व नव्या बॅटरीच्या चढणीच्या वेळच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्यात, आणि नव्या बॅटरीवर खरेदीची तारीख शाईने लिहून ठेवावी.