यशस्वी माणसांच्या गोष्टी : मुलांना सांगताना मधली पानं गाळू नका



परिपाठात आपण रोज सुविचार घेतो, दिनविशेष सांगतो, बोधकथा सांगतो. ३ जानेवारीला सावित्रीबाई, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनानिमित्त डॉ. कलाम. घरीही पालक मुलांना मोठ्या माणसांची उदाहरणं देतात. हेतू चांगलाच असतो. मुलांना प्रेरणा मिळावी, त्यांनी कष्ट करावेत, संकटाला घाबरू नये.

पण आपण गोष्ट कशी सांगतो, ते जरा आठवून पाहा. "ते गरीब घरात जन्मले. त्यांनी खूप कष्ट केले. शेवटी ते यशस्वी झाले." तीन वाक्यांत माणसाचं आयुष्य संपलं! मुलं टाळ्या वाजवतात, रांगेत वर्गात जातात आणि विसरून जातात. कारण "खूप कष्ट केले" म्हणजे नक्की काय केलं, हे त्यांना कळलेलंच नसतं. गोष्टीची सुरुवात कळली, शेवट कळला, मधली पानं मात्र गायब. आणि शिकण्यासारखं जे काही असतं, ते याच मधल्या पानांत असतं.

आजच्या लेखात आपण एक गोष्ट पूर्ण वाचूया आणि तिच्यातून काय शिकता येतं ते पाहूया.

खाशाबा जाधव : पदकाच्या आधीची गोष्ट

सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचं गाव आहे. तिथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. १९५२ साली फिनलंडमधील हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा जन्मदिवस आज महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

परिपाठात आपण सहसा इथेच थांबतो. आता मधली पानं उघडूया.

पहिलं पान १९४८ चं. त्या वर्षी खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले होते. कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासाला मदत केली. खाशाबा तांबड्या मातीत तयार झालेले पैलवान आणि लंडनला कुस्ती होती गादीवर. गादीवर पाय वेगळा पडतो, पकड वेगळी बसते, नियमही वेगळे. तिथे अमेरिकेच्या रीस गार्डनर यांनी त्यांना मार्गदर्शन केलं. खाशाबांचा सहावा क्रमांक आला. पदक मिळालं नाही.

दुसरं पान पुढच्या चार वर्षांचं. सहावा आलो म्हणून खाशाबा रडत बसले नाहीत, आणि "एवढं पुरे झालं" असंही म्हणाले नाहीत. त्यांनी सराव वाढवला आणि वरच्या वजनगटाची तयारी केली. लंडनला ते ५२ किलो गटात लढले होते, हेलसिंकीला ५७ किलो गटात उतरले. म्हणजे चार वर्षांत प्रतिस्पर्धी बदलले आणि ते आधीपेक्षा वजनदार झाले.

तिसरं पान पैशाचं. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली, तरी रक्कम पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण! हे पान वाचताना मी नेहमी थांबते.

चौथं पान पदकानंतरचं. खाशाबा परत आले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण मिरवणूक संपल्यावर त्यांनी काय केलं? कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्यातून आलेल्या पैशातून आपल्या प्राचार्यांचं घर सोडवलं. पुढे ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. १९८४ साली अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

आता सांगा, "खूप कष्ट केले आणि पदक मिळवलं" या एका वाक्यात यातलं काय येतं?

एका गोष्टीतून मुलांना काय मिळतं?

पहिलं, अपयश नेमकं वाचायला शिकता येतं. सहावा क्रमांक म्हणजे "मला येत नाही" असं नव्हे. मातीची सवय आहे, गादीची नाही, हे कळलं की पुढे काय शिकायचं ते ठरवता येतं. गणितात दहापैकी चार गुण मिळालेल्या मुलालाही हेच सांगता येईल. बाळा, सहा गुण कुठे गेले ते शोधूया. हातच्याचं चुकतंय की शाब्दिक उदाहरण वाचायचं चुकतंय? "अजून मेहनत कर" यापेक्षा हा सल्ला मुलाच्या जास्त उपयोगाचा.

दुसरं, वेळ लागतो हे कळतं. चार वर्षं म्हणजे पहिलीतलं मूल पाचवीत जाईपर्यंतचा काळ. मुलांना असं त्यांच्या मापात सांगितलं की ती डोळे मोठे करून ऐकतात.

तिसरं, कोणीही एकटं मोठं होत नाही, हे कळतं. मदत घेणं कमीपणाचं नाही, आणि घेतलेली मदत विसरणं बरं नाही.

कलामांच्या गोष्टीतली दोन पानं

डॉ. कलाम लहानपणी वर्तमानपत्रं वाटायचे, हे प्रत्येक मुलाला पाठ असतं. पण मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेताना फीसाठी पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या बहिणीने, झोहराने, आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली, हे किती जणांना माहीत असतं? पुढे त्यांना हवाई दलात वैमानिक व्हायचं होतं. २५ उमेदवारांत त्यांचा नववा क्रमांक आला आणि निवड झाली आठ जणांची. एका क्रमांकाने स्वप्न हुकलं.

आणखी एक पान आपण मोठ्यांनी आवर्जून वाचावं असं. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ या उपग्रह प्रक्षेपक यानाचं पहिलं उड्डाण अयशस्वी झालं. प्रकल्पाचे प्रमुख होते कलाम. पण पत्रकारांना सामोरे गेले इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन, आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली. १८ जुलै १९८० रोजी दुसरं उड्डाण यशस्वी झालं, तेव्हा मात्र धवन सरांनी पत्रकारांसमोर कलामांना पाठवलं.

वर्गात प्रयोग फसला, स्नेहसंमेलनात नाटक विसरलं, स्पर्धेत मूल हरलं, तेव्हा आपण कोणाकडे बोट दाखवतो? आणि बक्षीस मिळालं की फोटोत पुढे कोण उभं असतं? कलामांची गोष्ट मुलांसाठी आहे, तशी धवन सरांची गोष्ट आपल्यासाठी आहे.

"मॅडम, माझे पप्पा पण कष्ट करतात"

प्रेरणादायी गोष्टी सांगताना एक धोका असतो. "कष्ट केले की यश मिळतंच" असं मी एकदा चौथीच्या वर्गात चर्चेला घेतलं होतं. सगळ्यांनी "हो" म्हटलं. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, माझे पप्पा पण पहाटे चारला उठतात, रात्रीपर्यंत काम करतात. मग ते का नाही मोठे झाले?"

त्याचे वडील वीटभट्टीवर काम करतात. प्रश्न अगदी सरळ होता. अशा प्रश्नाला आपण नीट उत्तर दिलं नाही, तर मूल दोनपैकी एक अर्थ काढतं. एक तर कष्टाला काही अर्थ नाही, किंवा आपले वडील कुठेतरी कमी पडले. दोन्ही अर्थ चुकीचे, आणि दुसरा तर मुलाच्या मनाला कायमचा लागणारा.

मग उत्तर काय द्यायचं? उत्तर खाशाबांच्या गोष्टीतच आहे. कष्ट लागतातच, पण कष्टाला दिशा, शिक्षण, संधी आणि वेळेवर मदत यांची जोड लागते. खर्डेकर सर नसते, तर तोच पैलवान, तेवढेच कष्ट, पण हेलसिंकीचं मैदान दिसलं नसतं. तुझ्या पप्पांच्या कष्टात काही कमी नाही. त्यांना जी संधी मिळाली नाही, ती तुला मिळावी म्हणून ते तुला शाळेत पाठवतात. आणि त्यांच्या विटांशिवाय ही शाळासुद्धा उभी राहिली नसती, हेही खरंच आहे.

म्हणून यशस्वी माणूस म्हणजे फक्त प्रसिद्ध माणूस, असं मुलांच्या मनात बसू देऊ नका. गावातली अंगणवाडी ताई, वेळेवर एसटी आणणारे चालक काका, ठिबक सिंचन करून पाणी वाचवणारे शेतकरी, यांनाही कधीतरी वर्गात बोलवा. मुलं त्यांना रोज पाहतात, त्यांना प्रश्न विचारू शकतात. पुस्तकातल्या माणसाला ती सोय नसते.

गोष्ट खरी आहे ना?

मोबाईलवर रोज एखादी प्रेरणादायी गोष्ट फिरत येते. "आईनस्टाईन गणितात नापास झाले होते" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. ते खोटं आहे. गणितात ते लहानपणापासून हुशार होते. खरं काय घडलं? १८९५ साली, १६ व्या वर्षी, त्यांनी झुरिचच्या तंत्रशिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा दिली. गणित आणि भौतिकशास्त्रात चांगली कामगिरी झाली, इतर विषयांत कमी पडले. मग त्यांनी आराऊ गावच्या शाळेत राहिलेलं शिक्षण पूर्ण केलं आणि पुढच्या वर्षी त्याच संस्थेत प्रवेश घेतला.

बघा, खरी गोष्ट जास्त उपयोगाची आहे. खोट्या गोष्टीतून मूल शिकतं, "नापास झालं तरी चालतं." खऱ्या गोष्टीतून शिकतं, "राहिलेलं भरून काढता येतं."

सावित्रीबाईंचंही तसंच. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, लोकांनी त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकला, हे आपण सांगतो. पण शिकवण्याआधी त्या स्वतः शिकल्या, जोतीरावांनी त्यांना शिकवलं, शिक्षिकेचं प्रशिक्षणही त्यांनी घेतलं, हे सांगायचं राहून जातं. धैर्यामागे तयारी होती, हे मुलींना कळायला हवं.

वर्गात काय करता येईल?

१. फळ्यावर तीन रकाने आखा. "त्यांनी स्वतः काय केलं?", "कोणी मदत केली?", "कोणती गोष्ट त्यांच्या हातात नव्हती?" गोष्ट सांगून झाली की मुलांकडून रकाने भरून घ्या. तिसरी-चौथीची मुलं हे छान करतात.

२. एका गोष्टीला पाच दिवस द्या. रोज नवं नाव घेण्यापेक्षा एकाच माणसाचं रोज एक पान सांगा आणि "पुढे काय झालं असेल?" असं विचारून थांबा. दुसऱ्या दिवशी मुलंच आठवण करून देतात.

३. शेवटी एकच छोटी कृती ठरवा. "मी खाशाबांसारखा होईन" असं नको. "या आठवड्यात मी सातचा पाढा पक्का करीन" असं हवं. शुक्रवारी विचारा, झालं का? नसेल झालं तर काय बदलूया?

पालकांसाठी दोन शब्द

"कलाम पेपर वाटून शिकले, तुला सगळं आयतं मिळतंय तरी अभ्यास नको!" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. यातून प्रेरणा मिळत नाही, टोमणा मिळतो. मग मुलाला त्या मोठ्या माणसाचाच राग येऊ लागतो. गोष्ट सांगायची तर तुलना न करता सांगा, रात्री जेवताना, शेजारी बसून. आणि अधूनमधून स्वतःचीही गोष्ट सांगा. तुम्ही काय शिकलात, कुठे अडलात, कोणी हात दिला. मुलांना ती कलामांच्या गोष्टीइतकीच आवडते.

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक जिंकलं. खाशाबांनंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. त्यांचे वडील शिक्षक आहेत. म्हणजे याही गोष्टीच्या मधल्या पानांवर एक शिक्षक आहेच.

आपल्या वर्गातली सगळी मुलं ऑलिंपिकला जाणार नाहीत. कोणी दुकान चालवेल, कोणी नर्स होईल, कोणी शेती करेल. पण प्रत्येकाच्या गोष्टीत मदतीचं एक पान असणार आहे. प्रत्येक वेळी घर गहाण ठेवावं लागत नाही. कधी शिष्यवृत्तीचा अर्ज भरून द्यावा लागतो, कधी अर्धा तास जास्त थांबावं लागतं, कधी नुसतं "चल, पुन्हा करून बघू" म्हणावं लागतं. तेवढं तर आपल्या हातात नक्कीच आहे.