बँड सॉच्या पात्याला धार लावणारे यंत्र

हलवता येणाऱ्या बँड सॉचे पाते म्हणजे टोके जोडून गोल केलेली पोलादी पट्टी: साधारण ३२ मिमी रुंद, १ मिमीच्या आसपास जाड, बहुधा २२ मिमीवर एक दात. दोन चाकांवरून फिरताना ती प्रत्येक फेरीत दोनदा वाकते आणि सरळ होते. त्यामुळे पाते बोथट तर होतेच, शिवाय थकतेही. तडा जातो तो बहुधा दोन दातांमधल्या खाचेच्या तळाशी. म्हणून दातांची नुसती टोके घासणारे यंत्र अपुरे पडते. खाचही घासली जायला हवी.

मुंबईतल्या खारदांड्यासारख्या कोळीवाड्यात हा प्रश्न जास्त कठीण होतो. होडीची फळी बदलायला साग चिरावा, तर सागात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात आणि ते धार झपाट्याने खातात. त्यात खारी हवा. तेल न लावता टांगून ठेवलेल्या पात्याला गंज चढतो, आणि गंजाच्या बारीक खड्ड्यातूनच पुढे तडा सुरू होतो.

धारेची यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची. पहिल्यात एक बोट पाते दाता-दाताने पुढे ढकलते आणि कॅमवर चालणारे साधे ग्राइंडिंगचे चाक खाली-वर होत दाताचा आकार उतरवते. हे स्वस्त पडते आणि दाताचा कोन हवा तसा बदलता येतो. पण चाक झिजले की आकार बिघडतो, त्यामुळे ते पुनःपुन्हा घडवून घ्यावे लागते. कोरडेच घासले, तर टोक निळे पडते. निळे टोक म्हणजे पोलादाचा पाण बिघडला.

दुसऱ्या प्रकारात क्युबिक बोरॉन नायट्राइडचा थर दिलेले चाक असते. त्याच्या कडेलाच दाताचा पूर्ण आकार कोरलेला असल्याने दात आणि खाच एकाच फेरीत घासली जातात. वरून तेलाची धार पडत राहते, त्यामुळे पाते तापत नाही आणि गंजापासूनही वाचते. अडचण एकच, पण मोठी: एका चाकाला एकच आकार. मऊ लाकडासाठी दाताचा कोन १० अंशांच्या आसपास, कठीण लाकडासाठी ४ ते ७ अंश. मालकाने लाकूड आधी ठरवावे, चाक मागाहून.

काम झाले की दाताच्या टोकावर उजेड धरून पाहावे. पांढरी चमकती रेघ दिसली, तर धार अजून यायची आहे. घासण्याआधी पात्याला चिकटलेला डिंक आणि भुसा काढलेला असावा.

कोणतेही यंत्र घेतले, तरी दात आलटून-पालटून डावी-उजवीकडे वाकवणारे सेटचे उपकरण सोबत हवेच. घासता घासता सेट कमी होतो, आणि सेट दोन्ही बाजूंना सारखा नसला, तर कितीही धारदार पाते फळी वाकडी चिरते.

महिन्याला मोजकीच पाती लागत असतील, तर कॅमचे यंत्र पुरते. रोज साग चिरायचा असेल, तर तेलाची धार सोडत खाचेसकट घासणारे यंत्रच घ्यावे.