दुधाची फॅट आणि प्रकाशाचा झोत

झरीसारख्या गावात दूध घालून परतणाऱ्याला हमखास विचारतात, 'आज फॅट किती लागली?' गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. फॅट घसरली की भावही घसरतो. मग ही फॅट मोजतात तरी कशी?

आधी पाहू, दूध पांढरे का दिसते. दुधात पांढरा रंग मिसळलेला नसतो. पाण्यात तरंगणारे स्निग्धांशाचे गोळे आणि केसीन या प्रथिनाचे कण प्रकाश चहूकडे उधळतात. यालाच प्रकाशाचे विकिरण म्हणतात. साय काढली की मुख्यतः केसीनचे बारीक कण उरतात, म्हणून ते दूध निळसर दिसते.

सूक्ष्मदर्शकाखाली स्निग्धांशाचे गोळे दिसतात. त्यांचा सरासरी व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीन-चार पट असतो. केसीनचे कण त्याहून कितीतरी लहान, साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेरचे. शिवाय शे-दोनशे गोळे मोजून कॅनभर दुधाचा हिशेब लागत नाही. विकिरण मात्र लाखो कणांची सरासरी एकदम सांगते. दही, साबण, जेल अशा मृदू पदार्थांच्या अभ्यासात म्हणूनच दोन्ही पद्धती लागतात. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८५ मध्ये सुरू झालेल्या ध्रुव अणुभट्टीतील न्यूट्रॉनचे विकिरण वापरून साबणासारख्या द्रावणांतील रेणूंचे पुंजके तपासले गेले आहेत.

दूध डेअऱ्यांत आलेले इलेक्ट्रॉनिक मिल्क टेस्टर याच तत्त्वावर चालते. दुधात एक द्रावण मिसळून केसीनचे कण विरघळवतात, म्हणजे प्रकाश फक्त स्निग्धांश उधळतो. मग दूध बारीक फटीतून दाबून सगळे गोळे सारखे लहान करतात. आरपार गेलेला प्रकाश जितका कमी, तितकी फॅट जास्त.

मेख इथेच आहे. फट झिजली तर गोळे मोठे राहतात. तेवढाच स्निग्धांश असूनही विकिरण कमी होते आणि यंत्र फॅट कमी दाखवते. दुधात खोट नसते, तरी शेतकऱ्याला तोटा होतो.

आता अनेक ठिकाणी ध्वनिलहरींवर चालणारी यंत्रे आली आहेत. पण यंत्र कोणतेही असो, त्याचा आकडा मधूनमधून गर्बर पद्धतीशी ताडून पाहावा लागतो. गंधकाम्ल घालून, नळी फिरवून स्निग्धांश वेगळा करण्याची ही जुनी रीत. फॅटबद्दल शंका आली तर ही तपासणी मागायला संकोच करू नका.