जुन्या गाडीचा ब्लोअर बंद पडलाय? मोटर बदलण्याआधी एवढं तपासा

पनवेलच्या उकाड्यात गाडीचा हीटर कोण लावतो, असं कोणीही विचारेल. पण हीटरचा पंखा आणि एसीचा पंखा वेगवेगळे नसतात. डॅशबोर्डच्या आत, बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, एकच ब्लोअर असतो. गरम हवा, थंड हवा आणि पुढच्या काचेवरची हवा, सगळी तोच ढकलतो. पावसाळ्यात पळस्पे फाट्यावरून महाड, म्हसळा, श्रीवर्धनला गावी निघालेल्या किंवा एक्स्प्रेस वेने बोरघाट चढणाऱ्या कुटुंबासाठी हा पंखा फार महत्त्वाचा. गाडीत पाच माणसं, काचा बंद. श्वासातला ओलावा थंड काचेवर जमतो आणि बघता बघता समोरचा रस्ता दिसेनासा होतो.

आपल्यापैकी अनेकांकडे जुनी, सेकंडहँड घेतलेली गाडी असते. "मोटर गेली, नवीन टाका," असं कोणी म्हटलं की आपण मान डोलावतो. पण दर वेळी दोष मोटरचाच असतो असं नाही. पंखा कसा बिघडलाय हे नीट पाहिलं, तर दोष कुठे आहे याचा बराच अंदाज घरीच येतो.

पंखा फक्त शेवटच्या स्पीडवर चालतो

बटण १, २, ३ वर असताना काहीच नाही आणि ४ वर जोरात हवा, असं होत असेल तर मोटर ठीक आहे. हातानं स्पीड बदलायच्या जुन्या गाड्यांत कमी स्पीडसाठी करंट एका रेझिस्टरमधून जातो. शेवटच्या स्पीडला तो थेट मोटरला मिळतो. म्हणजे रेझिस्टर जळलाय. हा छोटा पार्ट आहे, मोटरपेक्षा बराच स्वस्त. तो गरम होतो म्हणून त्याला हवेच्या वाटेतच बसवलेलं असतं. एसीचा फिल्टर धुळीनं भरला की ती हवा कमी होते. म्हणून नवा रेझिस्टर टाकताना फिल्टरही बघा, आणि प्लग वितळलाय का तेही.

पंखा अजिबात चालत नाही

सगळ्यात आधी फ्यूज. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात त्याची जागा दिलेली असते. गाडी बंद करून फ्यूज काढा. आतली तार तुटली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. तो पुन्हा उडाला तर वायर शॉर्ट आहे किंवा मोटर जाम आहे. अशा वेळी मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार कधीही लावू नका. फ्यूज वाचेल, पण वायरिंग पेटेल.

फ्यूज चांगला असेल तर पंखा शेवटच्या स्पीडवर ठेवून ब्लोअरच्या बाहेरच्या खोक्यावर हलकेच टकटक करा. पंखा फिरू लागला तर मोटरचे कार्बन झिजलेत. तो पुन्हा कधीही थांबेल, म्हणून लांबच्या प्रवासाआधी काम करून घ्या. टकटक करूनही हलला नाही, तर इलेक्ट्रिशियनकडून मोटरच्या प्लगवर १२ व्होल्ट येतात का ते मोजून घ्या. करंट आणि अर्थिंग दोन्ही ठीक असून मोटर फिरत नसेल, तरच ती बदला. करंट येत नसेल तर दोष रिले, स्विच किंवा वायरमध्ये आहे. उंदरांनी वायर कुरतडलेलीही असू शकते.

आवाज येतो किंवा हवा कमी येते

खडखड आवाज म्हणजे बहुधा पंख्यात पानं, कागद अडकलेत. झाडाखाली लागणाऱ्या गाडीत हे हमखास होतं. किरकिर आवाज म्हणजे मोटरचा बुश झिजलाय. पंखा जोरात फिरतोय पण हवा कमी, तर फिल्टर तपासा.

पंखा चालतो, पण हवा गरम होत नाही

इथे पंख्याचा दोष नाही. हीटरची उष्णता इंजिनच्या कूलंटमधून येते. कूलंट कमी असेल किंवा थर्मोस्टॅट बिघडला असेल तर हवा गार राहते. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. गाडीत गोडसर वास आणि काचेवर तेलकट थर दिसला, तर हीटरमधून कूलंट गळतंय.

वाटेत ब्लोअर बंद पडला तर दोन्ही बाजूच्या काचा थोड्या खाली करा, वेग कमी ठेवा आणि सुरक्षित जागी थांबून काच कोरड्या कपड्यानं पुसा. चालवता चालवता हातानं पुसू नका. ब्लोअर चालू असताना धुकं काचेच्या बाहेरून असेल, तर एसीची थंडी कमी करून वायपर फिरवा.

आणि गॅरेजमध्ये "ब्लोअर खराब आहे" एवढंच सांगू नका. कोणत्या स्पीडवर चालतो, कोणत्या नाही, आवाज कसा येतो, फ्यूज पाहिला का, हे सगळं सांगा. पार्ट बदलला तर जुना परत मागून घ्या.