थंडीतलं घर (भाग ६) : सांधा कुठे आहे?

गेल्या आठवड्यात आपण बॉयलरपाशी होतो. आज पाईपच्या दुसऱ्या टोकाला, रेडिएटरपाशी येऊ. इंग्लंडात जुनं घर घेतलं की कधी ना कधी रेडिएटर बदलायची वेळ येतेच. रेडिएटर म्हणजे शेवटी पत्र्याचा चपटा डबा. तो उचलून दुसरा टांगणं सोपं आहे, पंचाईत होते ती सांध्यांची. जुना ४८ इंची रेडिएटर काढून आजचा १२०० मिलिमीटरचा लावलात, तर १९ मिलिमीटरची फट उरते. मग पाईप वाकवा, नाहीतर तुकडा जोडा. तुकडा जोडला की गळायला आणखी एक जागा झाली.

ओळखीतली मंडळी हमखास विचारतात, "ते प्लॅस्टिकचं पुश-फिट विश्वासाचं आहे का हो?" मी उलट विचारतो, सांधा कुठे येणार आहे?

रेडिएटरच्या व्हॉल्व्हला जो सांधा असतो, तो कॉम्प्रेशनचा. पाईपवर पितळेचं एक बारीक कडं चढवतात. त्याला इथले प्लंबर ऑलिव्ह म्हणतात. नट आवळला की हे कडं दबून पाईपला घट्ट धरतं. पाणी अडवतं ते कडं. नटाचे आटे फक्त दाबायचं काम करतात. म्हणून त्या आट्यांवर टेफ्लॉन गुंडाळणारा कारागीर दिसला की मी जरा सावध होतो. टेफ्लॉनची जागा वेगळी आहे : व्हॉल्व्हचा जो तुकडा रेडिएटरच्या अर्ध्या इंची भोकात फिरवून बसवतात, त्याच्या आट्यांवर. तिथे मात्र कंजुषी नको, दहा-बारा वेढे द्या. आपल्याकडे जीआय पाईपला सफेदा आणि दोरा लावत, तीच ही गोष्ट.

नट हातानं घट्ट करून मग पान्यानं साधारण एक ते सव्वा फेरा पुरतो. दुसऱ्या पान्यानं व्हॉल्व्ह धरून ठेवायचा, नाहीतर नटाबरोबर तोही फिरतो. "अजून थोडं आवळू" या मोहानं कडं पाईपला चिमटतं आणि सांधा बिघडतो.

माझा पहिला रेडिएटर मी स्वतःच बदलला. नवा व्हॉल्व्ह, पण कडं जुनंच ठेवलं. पाईपवर रुतलं होतं, काढायचा कंटाळा. संध्याकाळी घर तापलं, सगळं कोरडं, मी खूश. सकाळी कार्पेट ओलं! तांब्याचा दहा मीटर पाईप ५० अंशांनी तापला की साधारण साडेआठ मिलिमीटर लांबतो आणि निवताना तितकाच आखडतो. रोजच्या या ओढाताणीत कच्चा सांधा उघडा पडतो. शिवाय गरम असताना झिरपलेला थेंब जागीच सुकतो. मागे उरतो तो पांढरा-हिरवट खर. म्हणून सांधा तपासायचा तो गारठलेल्या सकाळी, कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून. बॉयलरचा काटा गार असताना एक ते दीड बारवर हवा. तो दर आठवड्याला उतरत असेल, तर बहुधा पाणी कुठेतरी जातंय.

फळ्यांखाली दडणाऱ्या पाईपसाठी माझं मत डाखाला. नीट डाखलेल्या सांध्यात झिजायला रबर नाही, सैल व्हायला नट नाही. पण लाकडी तुळयांजवळ ज्योत पेटवायची म्हणजे धास्ती, आणि पाईपमध्ये थेंबभर पाणी उरलं तरी डाख धरत नाही. जुने प्लंबर त्यावर पाईपमध्ये पांढऱ्या पावाचा तुकडा कोंबत. तो पाणी शोषून घेई आणि मागाहून विरघळे.

आता पुश-फिट. आत एक रबरी कडी आणि पाईप धरून ठेवणारे पोलादी दात, एवढीच त्याची युक्ती. काही उत्पादक २५ वर्षांची हमी देतात, काही ५०. पण ती मालाची असते, बसवणाऱ्या हाताची नव्हे. करवतीनं कापलेल्या तांब्याच्या धारेनं रबर चिरलं, प्लॅस्टिकच्या पाईपमध्ये आधाराची नळी घालायची राहिली, किंवा पाईप पूर्ण आत गेलाच नाही, तर दोष कुणाचा? गोल कापणारा कटर वापरा, धार घासून काढा, किती आत जायला हवा त्याची पेन्सिलीनं खूण करा. एवढं केलं तर मी पुश-फिटला नावं ठेवणार नाही. गिलाव्यात गाडायला मात्र मी ते देणार नाही.

जुन्या घरात आणखी एक सापळा. अर्ध्या इंची जुन्या पाईपवर १५ मिलिमीटरचं कॉम्प्रेशन चालून जातं. पाऊण इंची पाईप मात्र बाहेरून साधारण साडेएकवीस मिलिमीटर भरतो. त्यावर २२चं नेहमीचं कडं सैल पडतं, जुळवणीचं वेगळं कडं मागावं लागतं.

आणि एक विनंती. फळ्या परत ठोकण्याआधी प्रत्येक सांध्याशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, आणि घर विकाल तेव्हा ते फोटो नव्या मालकाला द्या.